मांजराच्या पिल्लांची नसबंदी कधी करावी?

थोडक्यात

- घरी पाळलेल्या मांजराच्या पिल्लाची नसबंदी ४ महिने पूर्ण झाल्यावर आणि ५ महिने पूर्ण होण्याच्या आत करावी. नर असो वा मादी, हेच वय योग्य.
- मादीला आधी एकदा पिल्ले होऊ द्यावीत किंवा तिचा पहिला माज होऊ द्यावा, याला वैद्यकीय आधार नाही.
- नर आणि मादी सख्खी भावंडे असली तरी ती एकमेकांशी जुळतात. दोन्ही एकाच घरात असतील तर उशीर अजिबात करू नये.
- पिल्लू घरी आले त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेची अंदाजे तारीख ठरवावी. जंतनाशक, लसी आणि डॉक्टरांची वेळ मिळवणे यात सहज दीड-दोन महिने जातात.

केडगावसारख्या (ता. दौंड) गावात मांजराचे पिल्लू सहसा विकत आणले जात नाही. गोठ्यात, माळ्यावर किंवा उसाच्या पाचटात मांजरी व्यालेली असते. ती पिल्ले तोंडात धरून सात घरे फिरवते आणि त्यातले एखाद-दुसरे एखाद्या घरी राहून जाते. मुलांना लळा लागतो, उंदरांचा त्रास कमी होतो, म्हणून घरचेही ठेवून घेतात. पुष्कळदा एकाऐवजी दोन पिल्ले येतात आणि त्यांतला नर कोणता, मादी कोणती हे कोणी पाहिलेले नसते. सहा-सात महिन्यांनी मांजरीचे पोट दिसू लागते, तेव्हा प्रश्न पडतो: आता काय करायचे?

हा प्रश्न त्याआधीच, पिल्लू आणले त्या दिवशीच विचारायला हवा. नसबंदी कधी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

नसबंदी म्हणजे नेमके काय?

मादीच्या शस्त्रक्रियेत पोटावर किंवा कुशीत लहान छेद घेऊन दोन्ही बीजांडे काढतात. बहुतेक वेळा गर्भाशयही काढले जाते. नरामध्ये दोन्ही वृषणे काढतात. नराची शस्त्रक्रिया लहान असते आणि अनेकदा टाकेही लागत नाहीत. दोन्ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊनच करतात. निरोगी पिल्लू बहुधा त्याच दिवशी घरी येते.

माणसाच्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत नळी बंद करतात, संप्रेरके चालू राहतात. मांजरात संप्रेरके तयार करणारा अवयवच काढला जातो. त्यामुळे मादीचे माजावर येणे थांबते. बोक्याचे भटकणे, मारामाऱ्या आणि घरभर उग्र वासाची लघवी उडवणे यांत मोठा फरक पडतो.

पिल्लू वयात कधी येते?

बहुतेक माद्या ५ ते ९ महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येतात. काही तर ४ महिन्यांतच येतात. अंगाने भरलेली, अडीच किलोच्या आसपास वजनाची मांजरी लवकर वयात येते. बोका साधारण ६ महिन्यांपासून पिल्लांचा बाप होऊ शकतो.

मांजरांचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. थंड देशांत हिवाळ्याचे दिवस फार लहान असल्याने तेथील मांजरी काही महिने माजावर येत नाहीत. आपल्याकडे डिसेंबरातही दिवस सुमारे ११ तासांचा असतो. त्यामुळे ‘हिवाळा आहे, आता काही होणार नाही’ असे धरून चालता येत नाही.

माजाची लक्षणे अनेकांना आजारपण वाटतात. मांजरी रात्रंदिवस मोठमोठ्याने ओरडते, जमिनीवर लोळते, अंग घासते, पाठीला हात लावताच मागचा भाग उचलून शेपटी बाजूला करते. पोटात दुखत असेल असे समजून घरातले औषध देणारे लोक भेटतात. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

माज साधारण ५ ते ७ दिवस टिकतो. समागम झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत मांजरी पुन्हा माजावर येते. मांजरीत बीज समागमानंतर सुटते, त्यामुळे एकदा बाहेर गेली तरी गाभण राहण्याची शक्यता मोठी असते. गर्भकाळ सुमारे ९ आठवड्यांचा. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून एका मांजरीची वर्षात दोन-तीन वेते सहज होतात.

मग ४ ते ५ महिने हेच वय का?

पूर्वी पशुवैद्यक ६ महिन्यांनंतरचे वय सांगत. भूल देण्याच्या पद्धती सुधारल्यावर हा सल्ला बदलला. २०१६ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या तज्ज्ञ गटाने उपलब्ध पुरावे तपासून ५ महिन्यांच्या आत नसबंदी करण्याची शिफारस केली. २०१७ मध्ये अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने तिला पाठिंबा दिला. त्यामागची कारणे अशी:

- नको असलेले पहिले वेत टळते. चार-पाच महिन्यांची मांजरी स्वतःच पिल्लू असते. या वयात गाभण राहिली तर तिची वाढ खुंटते आणि विताना अडचण येण्याचा धोका वाढतो.
- स्तनांच्या कर्करोगाचा धोका घटतो. मांजरीच्या स्तनांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ६ महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. ७ ते १२ महिन्यांत केलेल्यांमध्ये तो ८६ टक्क्यांनी कमी होता. दुसऱ्या वर्षात केलेल्यांमध्ये मात्र फरक फक्त ११ टक्के होता. हा फायदा वयाबरोबर संपत जातो.
- गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो. तो जिवावर बेततो आणि तेव्हा आजारी मांजरीवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.
- बोक्याच्या सवयी लागण्याआधीच थांबतात. बोक्यांच्या मारामाऱ्यांत चाव्यांचे गळू होतात आणि चाव्यांतून मांजरांमधील विषाणूजन्य आजार पसरतात.
- लहान पिल्लू लवकर सावरते. पोटात चरबी कमी असल्याने शस्त्रक्रिया सोपी होते.

‘इतक्या लवकर केले तर वाढ खुंटेल का?’ अशी काळजी अनेकांना वाटते. वाढ खुंटत नाही, उलट हाडांची टोके थोडी उशिरा बंद होत असल्याने पाय किंचित लांब होऊ शकतात. बोक्याची मूत्रनलिका अरुंद राहते ही भीतीही अभ्यासांत खरी ठरलेली नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,६६० मांजरांची माहिती पाहिली गेली. साडेपाच महिन्यांआधी नसबंदी झालेल्यांमध्ये गंभीर दुष्परिणाम वाढलेले आढळले नाहीत. ही मांजरे थोडी बुजरी होती, पण बोक्यांमध्ये गळू, आक्रमकपणा आणि लघवी उडवणे कमी होते.

एक धोका मात्र खरा आहे, तो वजनाचा. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते. खाणे मोजून दिले नाही तर मांजर लठ्ठ होते. लठ्ठ बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबण्याचे, मधुमेहाचे आणि सांध्यांचे त्रास जास्त दिसतात.

पिल्लाचे वय माहीत नसेल तर

सापडलेल्या पिल्लाची जन्मतारीख कोणाला माहीत नसते. दात आणि वजन पाहून अंदाज बांधता येतो.

- डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात.
- दुधाचे सगळे दात ६ ते ८ आठवड्यांत येतात.
- पुढचे छोटे दात पडून पक्के दात साडेतीन-चार महिन्यांत दिसू लागतात.
- पक्के सुळे ५ महिन्यांच्या सुमारास येतात. दुधाच्या बारीक सुळ्याशेजारी जाड सुळा दिसत असेल तर आता थांबायला वेळ नाही.
- निरोगी पिल्लाचे वजन दर महिन्याला साधारण अर्धा किलो वाढते. २ महिन्यांचे पिल्लू सुमारे १ किलो, ४ महिन्यांचे सुमारे २ किलो भरते. उपाशी राहिलेले पिल्लू याहून हलके असू शकते, म्हणून दातही पाहावेत.

वजन पाहण्यासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. पिल्लू टोपलीत ठेवून वजन करा आणि टोपलीचे वजा करा.

नर-मादी ओळखताना शेपटी उचलून पाहा. मादीत गुदद्वाराच्या अगदी खाली उभी चीर असते. नरात दोन छिद्रांमध्ये जास्त अंतर असते आणि मध्ये वृषणांचा फुगवटा लागतो. रंगावरूनही थोडी कल्पना येते: पांढरा, काळा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असलेले पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असते. खात्री डॉक्टरांकडून करून घ्या.

घरी आल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत: एक उदाहरण

समजा, दिवाळीत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दोन महिन्यांची दोन पिल्ले घरी आली: एक नर, एक मादी.

1. पहिला आठवडा. डॉक्टरांना दाखवा. पिसवा, जंत, डोळे-नाकातील स्राव आणि हिरड्यांचा रंग तपासून घ्या. कुत्र्यासाठी मिळणारी गोचीड-पिसवांची औषधे मांजराला लावू नका. त्यांतील परमेथ्रिन मांजरासाठी विष आहे. घरात आधीची मांजरे असतील तर नवी पिल्ले दोन आठवडे वेगळी ठेवा.
2. नोव्हेंबर-डिसेंबर. जंतनाशकाचे डोस आणि तीन आजारांवरची एकत्रित लस सुरू होते. लसीचा पुढचा डोस ३ ते ४ आठवड्यांनी असतो. रेबीजची लस ३ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे डिसेंबरात.
3. डिसेंबरमध्येच शस्त्रक्रियेसाठी जानेवारीची तारीख घ्या.
4. जानेवारी. पिल्ले ४ महिन्यांची झालेली असतात. दोघांचीही शस्त्रक्रिया एकाच दिवशी करता येते. हवा थंड असल्याने प्रवासही सोपा जातो.

आता हीच कामे ‘शाळेला सुट्टी लागू दे, मग बघू’ म्हणून पुढे ढकलली, तर काय होते पाहा. मार्चच्या सुरुवातीला पिल्ले ६ महिन्यांची होतात. मादी माजावर येते आणि तिचा भाऊ घरातच असतो. मेच्या सुरुवातीला, भर उन्हाळ्यात, आठ महिन्यांची मांजरी विते. मग त्या पिल्लांना घर शोधायचे, नाही मिळाले तर कोणीतरी पोत्यात घालून कालव्यापलीकडे किंवा बाजारात सोडून येतो. आईचे दूध तुटलेली पिल्ले बहुधा जगत नाहीत. पाळीव प्राणी असे सोडून देणे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

केव्हा थांबावे, केव्हा थांबू नये

पुढील परिस्थितीत डॉक्टर तारीख पुढे ढकलतील, आणि ते योग्यच आहे: सर्दी-शिंका, ताप, जुलाब, हिरड्या पांढऱ्याफटक असणे, पिसवांमुळे झालेला रक्तक्षय किंवा वजन खूप कमी असणे. पिल्लू बरे होईपर्यंत भूल देण्याची घाई करू नये. तोवर नर आणि मादी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.

पुढील कारणांसाठी मात्र थांबू नका:

- ‘पहिला माज होऊ दे.’ फायदा नाही. कर्करोगापासूनचे संरक्षण मात्र कमी होत जाते.
- ‘एकदा तरी आई होऊ दे.’ मांजरीला मातृत्वाची उणीव जाणवते असा पुरावा नाही.
- ‘बोका आहे, आपल्या घरी थोडीच पिल्ले होणार?’ पिल्ले शेजारच्या घरी होतात, आणि आपला बोका जखमा घेऊन येतो.
- ‘माज थांबवायचे इंजेक्शन किंवा गोळी देऊ.’ या संप्रेरकांनी गर्भाशयात पू होणे, स्तनांना सूज व गाठी आणि मधुमेह होऊ शकतो. हा नसबंदीचा पर्याय नाही.

मांजरी माजावर असताना शस्त्रक्रिया करता येते, पण रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने रक्तस्राव जास्त होऊ शकतो. डॉक्टर माज ओसरेपर्यंत थांबायला सांगू शकतात. तसे असेल तर तिला दारे-खिडक्या बंद खोलीत ठेवा आणि माज संपताच तारीख घ्या. दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा माजावर येईल.

केडगावातून शस्त्रक्रियेला नेताना

आपल्या भागातील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मुख्य काम गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांचे असते. तपासणी आणि सल्ल्यासाठी तेथे जरूर जा, पण मांजरीची पोटाची शस्त्रक्रिया तेथे होते का, हे आधी विचारा. होत नसेल तर दौंड किंवा पुण्यातील लहान प्राण्यांचे दवाखाने, पुण्यातील औंधचे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि शिरवळ (जि. सातारा) येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय येथे चौकशी करता येईल. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा आणि हे प्रश्न विचारा:

- पिल्लू किती वेळ उपाशी ठेवायचे?
- भूल देण्यापूर्वी वजन आणि तपासणी होणार का? शस्त्रक्रियेत श्वास आणि हृदयाचे ठोके पाहणारा दुसरा माणूस असतो का?
- वेदनाशामक औषध दिले जाते का?
- टाके विरघळणारे आहेत की काढायला पुन्हा यावे लागेल?
- रात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा?

उपवासाबाबत विशेष काळजी घ्या. मोठ्या माणसासारखे रात्रभर उपाशी ठेवणे लहान पिल्लासाठी धोक्याचे आहे, कारण त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. चार महिन्यांच्या पिल्लाला बहुधा ३ ते ४ तासांचाच उपवास सांगतात. पुण्याला जायला दीड-दोन तास लागतात आणि दवाखान्यात थांबावेही लागते. म्हणून शेवटचे खाणे किती वाजता द्यायचे, ते डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळेत विचारून घ्या. पाणी काढून घेऊ नका.

पिल्लू हातात किंवा पिशवीत नेऊ नका. घाबरलेले मांजर रेल्वे फलाटावर किंवा चौफुल्यावर एकदा हातून सुटले तर सापडणे कठीण असते. हवा खेळणारा पिंजरा किंवा झाकण घट्ट बांधलेली टोपली घ्या. आत जुना कपडा अंथरा. दोन पिल्ले असतील तर येताना वेगवेगळ्या टोपल्या हव्यात, कारण भुलीतून उठणारे पिल्लू भावंडालाही चावू शकते.

शस्त्रक्रियेनंतर

- पहिली रात्र उबदार, शांत, बंद खोलीत जमिनीवर ठेवा. भुलीनंतर पिल्लाचे अंग लवकर गार पडते.
- पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडे पाणी, मग थोडे खाणे द्या.
- १० ते १४ दिवस उड्या, माळा, झाड आणि बाहेर फिरणे बंद. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर ठेवा.
- वाळू किंवा मातीऐवजी काही दिवस फाडलेले वर्तमानपत्र वापरा.
- जखमेवर हळद, तेल, राख काही लावू नका. आंघोळ घालू नका. जवळपास फिनाईलने फरशी पुसू नका. मांजर पाय चाटते आणि ते पोटात जाते.
- औषधे फक्त डॉक्टरांनी दिलेली, त्याच मात्रेत.
- बोक्याला शस्त्रक्रियेनंतरही ४ ते ६ आठवडे वयात आलेल्या, नसबंदी न झालेल्या मांजरीपासून दूर ठेवा. शरीरात उरलेल्या शुक्राणूंमुळे या काळात ती गाभण राहू शकते.

पुढीलपैकी काही दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे न्या: जखमेतून सतत रक्त येणे, जखम उघडणे किंवा पू येणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, धाप लागणे, दुसऱ्या दिवशीही काहीच न खाणे, वारंवार उलट्या, २४ तासांत लघवी न होणे, पिल्लू गार आणि सुस्त पडणे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नसबंदीनंतर मांजर उंदीर पकडणे सोडते का?
नाही. शिकारीची वृत्ती संप्रेरकांवर अवलंबून नसते. पोटभर खाणारे मांजरही उंदीर पकडते.

एकच वृषण खाली उतरले आहे. अर्धी शस्त्रक्रिया करावी का?
नाही. पोटात किंवा जांघेत राहिलेले वृषणही शोधून काढावे लागते. नाहीतर बोक्याच्या सवयी तशाच राहतात आणि त्या वृषणात पुढे गाठ होऊ शकते.

पिल्लांची आईही आमच्याच गोठ्यात आहे. तिचे काय?
पिल्ले साधारण ८ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की आईची नसबंदी करा. तोवर ती पुन्हा गाभण राहू नये म्हणून बोक्यांपासून दूर ठेवा. फक्त पिल्लांची केली आणि आईची राहिली तर पुढचे वेत येतेच.

पिल्लू पकडताना चावले किंवा ओरखडले तर?
जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि रेबीजची लस घ्यावी लागेल का ते विचारा. पिल्लू घरचे आहे, लहान आहे म्हणून टाळू नका.

आमचे पिल्लू ८ महिन्यांचे झाले. उशीर झाला का?
नाही. फायदा थोडा कमी होतो, पण संपत नाही. गाभण आहे का ते तपासून घ्या आणि लवकरात लवकर तारीख ठरवा.

पिल्लाच्या वयाचा अंदाज आज घ्या आणि ते ४ महिन्यांचे कधी होईल ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या पिल्लाची प्रत्यक्ष तपासणी करून अंतिम निर्णय तुमच्या पशुवैद्यकांनीच घ्यावा.